नाणं पैसा की माल? उद्यापनाच्या चोवीस नाण्यांवरचा कर



आमच्या सासूबाईंच्या दशलक्षण व्रताला यंदा दहा वर्षं पूर्ण झाली. उद्यापन साधंच करायचं ठरलं. पूजा, शास्त्रदान आणि चोवीस तीर्थंकरांची आठवण म्हणून चोवीस घरांत दहा-दहा ग्रॅमचं एकेक चांदीचं नाणं, एका बाजूला स्वस्तिक असलेलं. नाण्यांचा भाव विचारायला मी ओळखीच्या दुकानात गेले. दुकानदार सज्जन माणूस, पर्युषणात रोज मंदिरात दिसणारा. त्यांनी हिशोब मांडला आणि हळूच म्हणाले, "वहिनी, पक्कं बिल कशाला? धर्माचंच काम आहे. तीन टक्के तरी वाचतील."

मी "घरी विचारून सांगते" म्हणून आले. घरी लेकीने तेवढ्यात मोबाइलवर तशीच नाणी शोधून ठेवली होती. विकणारा दुसऱ्या राज्यातला. पैसे भरायच्या आधी हिशोब दिसला, त्यात 'आयजीएसटी ३ टक्के' अशी ओळ. सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "अगं, नाण्यावर कसला कर? साडीवर ठीक, भांड्यावर ठीक. नाणं म्हणजे पैसाच ना? पैसा देऊन पैसा घेताना कर?"

मला उत्तर देता आलं नाही. मग पुढचे काही आठवडे दुपारच्या वेळात वाचत बसले. हा प्रश्न सासूबाईंच्या आधी राजांना, सराफांना, न्यायाधीशांना पडलेला आहे असं दिसलं. जे हाती लागलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे. त्या तीन टक्क्यांचं आम्ही काय केलं तेही शेवटी सांगते.

राजाची टांकसाळ

चंद्रगुप्त मौर्याचं नाव आपण श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर हात जोडून घेतो. भद्रबाहू स्वामींच्या मागे जाऊन त्याने तिथे समाधी घेतली अशी आपली परंपरा. त्याच्याच दरबाराशी नाव जोडलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीचा हिशोब आहे. नाणी पाडणारा अधिकारी तो लक्षणाध्यक्ष, आणि चलनातली नाणी तपासणारा तो रूपदर्शक. नाण्यांवर राजाने काय घ्यायचं तेही लिहून ठेवलं आहे: रूपिक शेकडा ८, व्याजी शेकडा ५ आणि तपासणीचं पारीक्षिक शेकडा एक अष्टमांश. म्हणजे नाण्यावर सरकारचा हात नव्हता असा काळ शोधायला गेलं तर दोन हजार वर्षं मागे जाऊनही तो सापडत नाही.

पण हा विक्रीवरचा कर नव्हता. धातूचं नाणं करून देण्याचा आणि ते खरं आहे अशी खात्री देण्याचा तो मोबदला होता. शिक्का राजाचा, म्हणून वाटा राजाचा.

या खात्रीच्या कामात आपला एक माणूस होता, हे मला या वाचनातच कळलं. ठक्कुर फेरू हा श्रीमाळ जैन श्रावक, दिल्लीच्या खिलजी सुलतानांच्या चाकरीत. तिथल्या टांकसाळीचा त्याला प्रत्यक्ष अनुभव होता. १३१८ च्या सुमारास त्याने 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ लिहिला, तोही आपल्या भावासाठी आणि मुलासाठी, घरातल्यांना धंदा शिकवावा तसा. वेगवेगळ्या राज्यांची नाणी, त्यांचं वजन, त्यात सोनं किती, चांदी किती, भेसळ किती आणि मोडायला गेलं तर किती मिळेल, असं सगळं त्यात आहे. ही पोथी शेकडो वर्षं पडून होती. १९४६ मध्ये कलकत्त्याच्या एका ग्रंथभांडारात ती नाहटा घराण्यातल्या संशोधकांच्या हाती लागली.

फेरूच्या ग्रंथाची गरज का पडली याचा विचार केला की सासूबाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. एका राज्यातलं नाणं दुसऱ्या राज्यात गेलं की तो पैसा राहत नसे, तो माल होई. मग त्याचं वजन बघायचं, कस बघायचा आणि भाव ठरवायचा.

बट्टा, वटाव आणि पुतळी

आपल्याकडे पेशवाईत हेच रोजच्या व्यवहारात चालू होतं. चांदवडी रुपया वेगळा, अंकुशी वेगळा, मल्हारशाही वेगळा. टांकसाळी सोनारांना मक्त्याने दिलेल्या, सरकारला त्यातून उत्पन्न. सारा एका शिक्क्यात मागितला जाई आणि शेतकऱ्याच्या गाठीला दुसराच शिक्का असे. तो बदलून घेताना सराफ बट्टा कापे. आपण आजही एखाद्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो, तो शब्द या व्यवहारातलाच. नाणं झिजलं, परक्या टांकसाळीचं निघालं की त्याची किंमत कमी होई, तशी माणसाचीही.

सराफीच्या पेढ्यांवर जैन घराणी मोठ्या संख्येने होती, हे अभिमानाने सांगतो तसं हेही सांगायला हवं की बट्ट्याचा भार शेवटी गरिबाच्या अंगावर पडे. आपल्या श्रावकाचारात मापातलं कमीजास्त आणि भेसळ हे दोष नाव घेऊन सांगितले आहेत. व्यापाऱ्याला मोह नेमका कुठे होतो हे आचार्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि नाण्याचा तिसराच एक जन्म आपल्या बायकांनी दिला. पुतळ्यांची माळ आजीच्या गळ्यात पाहिली असेल. ती पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. व्यापाऱ्यांच्या हाताने ते कोकणच्या बंदरांत उतरलं. त्यावर तिथला राजप्रमुख एका संतापुढे गुडघे टेकून बसलेला आहे. आपल्याकडे त्या दोन आकृत्या राम-सीता वाटल्या, लोकांनी त्यांना पुतळी म्हटलं, सोनारांनी तशीच नवी घडवली आणि गळ्यात घातली. व्हेनिसमध्ये जो पैसा होता तो इथे दागिना झाला. मालाचा पैसा आणि पैशाचा माल, दोन्ही दिशेने ही ये-जा कायम चालू होती.

एक तोळ्याचा रुपया

१८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. घराघरांतल्या देव्हाऱ्यात जपलेले राणीछाप रुपये त्याच मापाचे. त्या काळात कुणीही चांदी घेऊन सरकारी टांकसाळीत जावं, शेकडा दोनाच्या आसपास हक्क भरावा आणि रुपये पाडून आणावेत, अशी सोय होती. त्यामुळे घरातले वाळे, तोडे, कमरपट्टे हे अडीअडचणीला जवळजवळ रुपयेच होते.

२६ जून १८९३ ला ही सोय बंद झाली. जगात चांदीचा भाव पडत होता, रुपयाही त्याच्याबरोबर खाली जात होता आणि विलायतेला पौंडात द्यायचा पैसा सरकारला जड जात होता. म्हणून लोकांच्या चांदीला टांकसाळीचं दार लावलं गेलं. पुढे रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीपेक्षा वर राहिली. कागदावर ही चलनसुधारणा होती. बाईच्या बाजूने पाहिलं तर तिच्या पायातली चांदी आता रुपया होऊ शकत नव्हती, तिला बाजारभावाने विकावं लागणार होतं. एका कायद्याने तिच्या दागिन्याचं पैशाशी असलेलं नातं तोडलं. यावर तिला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत काही काळ सोन्याची नाणीही पडली: पंधरा रुपयांची मोहर, आणि लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा म्हणून पाडलेले सॉव्हरिन. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. तेव्हापासून चलनातला रुपया आणि चांदीचं नाणं या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. सासूबाईंच्या बालपणी मोठी माणसं 'बंदा रुपया' म्हणत, त्यामुळे त्यांच्या मनात त्या दोन्ही अजून एकच आहेत. त्यात चूक त्यांची नाही.

विक्रीकर आला

विक्रीवरचा कर ही मात्र तशी अलीकडची गोष्ट. १९३५ च्या कायद्याने मालाच्या विक्रीवर कर बसवायचा अधिकार प्रांतांना मिळाला. तो प्रथम वापरला मध्य प्रांत-वऱ्हाडने, म्हणजे आपल्या विदर्भाच्या तेव्हाच्या सरकारने, १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणाच्या विक्रीवर. केंद्राने हरकत घेतली, प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टात गेलं आणि निकाल प्रांताच्या बाजूने लागला. १९३९ मध्ये मद्रासने राजाजींच्या कारकिर्दीत सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबई प्रांतात तो १९४६ मध्ये आला, आणि १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा तर आपल्यापैकी कितीतरी जणींच्या सासऱ्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसून सोसलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर लगेच एक पेच उभा राहिला, आणि तो आजच्या ऑनलाइन खरेदीचाच पेच आहे. विकणारा एका राज्यात, घेणारा दुसऱ्या राज्यात, तर कर कुणाचा? १९५३ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध युनायटेड मोटर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, माल जिथे पोचून वापरला जातो त्या राज्याचा. पण मग एका व्यापाऱ्याला जितक्या राज्यांत माल पाठवला तितक्या राज्यांच्या कचेऱ्यांना उत्तर द्यावं लागू लागलं. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, बेंगॉल इम्युनिटीच्या खटल्यात न्यायालयाने तो निकाल फिरवला. १९५६ मध्ये सहावी घटनादुरुस्ती झाली आणि केंद्रीय विक्रीकर कायदा आला. त्याने राज्याबाहेरच्या विक्रीवरचा कर माल जिथून निघाला त्या राज्याला दिला. ही व्यवस्था साठ वर्षं चालली.

सोनं ठेवणंच गुन्हा

मध्येच एक काळ असा आला की सोन्याच्या नाण्यावर कर किती हा प्रश्न मागे पडला आणि ते जवळ ठेवावं की नाही हाच प्रश्न झाला. १९६२ चं चीनचं युद्ध, परकीय चलनाची टंचाई, आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी आणलेलं सुवर्णनियंत्रण. नवे दागिने १४ कॅरटच्या वर नकोत, लगडी-बिस्किटं घरात नकोत. १४ कॅरटची अट काही वर्षांत सैल करावी लागली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने बाकीचे निर्बंध पक्के केले. ते १९९० पर्यंत होते. हजारो सोनारांची भट्टी विझली. आणि सोन्याची हौस मात्र विझली नाही, ते चोरवाटेने येत राहिलं. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सोन्याच्या बिस्किटांवर त्या काळात सिनेमेच्या सिनेमे निघाले.

हे वाचताना मला पाठशाळेतला एक धडा आठवला. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला प्रोत्साहन देणं, चोरीचा माल घेणं, विरुद्धराज्यातिक्रम, मापात कमीजास्त करणं आणि बनावट माल खरा म्हणून देणं. तिसरा शब्द आम्ही पाठ केला होता, पण समजला नव्हता. पूज्यपाद आचार्यांच्या सर्वार्थसिद्धीत त्याचा खुलासा आहे. योग्य रीत सोडून दुसऱ्या रीतीने देणं-घेणं तो अतिक्रम. राज्यात विरोध किंवा गोंधळ असताना मोलाच्या वस्तू कमी किमतीत मिळतील म्हणून धडपडणं, ते यात येतं. समंतभद्र स्वामींच्या रत्नकरंडक श्रावकाचारात याच जागी 'विलोप' हा शब्द आहे. राजाने घातलेली मर्यादा मोडणं असा त्याचा अर्थ घेतात.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी हे लिहिताना समोर बसलेला श्रावक कोण होता, हे लगेच कळतं. तो व्यापारी होता. त्याला कुणाच्या घरात शिरून चोरी करायची नव्हती. त्याला फक्त नाका चुकवायचा होता.

साता समुद्रापलीकडे हाच प्रश्न

माझी एक भाची कॅलिफोर्नियात असते. तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं तर ती हसली, म्हणाली, "मावशी, इथेही हेच रामायण आहे." तिकडे विक्रीकर राज्यांचा. पूर्वी कॅटलॉग बघून टपालाने वस्तू मागवत, तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याने कर गोळा करायचा का, यावर १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ज्या राज्यात त्याची काही जागा-माणसं नाहीत तिथे नाही. १९९२ मध्ये क्विल नावाच्या कंपनीच्या खटल्यात तेच पुन्हा कायम झालं. ग्राहकाने तो कर स्वतःहून भरावा असं कायद्यात होतं, पण स्वतःहून भरणारे फार थोडे. मग इंटरनेट आलं आणि कर वाचावा म्हणून दुसऱ्या राज्यातून नाणी मागवणं सोपं झालं.

२१ जून २०१८ ला साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात न्यायालयाने जुना निकाल मोडला. त्या राज्यात दुकान नसलं तरी वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार झाले की कर गोळा करायचा, हा साउथ डकोटाचा कायदा मान्य झाला. मात्र सोन्या-चांदीच्या नाण्यांना बऱ्याच राज्यांनी सूट दिलेली आहे, कारण काहींच्या मते ती गुंतवणूक, तर काहींच्या मते तो पैसाच. टेक्ससमध्ये ती करमुक्त. कॅलिफोर्नियात एका वेळची खरेदी ठरावीक रकमेच्या वर असेल तरच सूट. ही मर्यादा पूर्वी १,५०० डॉलर होती, २०२३ पासून २,००० डॉलर. म्हणजे दिवाळीला एकच नाणं घेणाऱ्या माझ्या भाचीला कर लागतो, आणि पेटी भरून घेणाऱ्याला लागत नाही. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आपला बरा. सगळ्यांना सारखा तरी."

आपले तीन टक्के

आपल्याकडे महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला. सोन्या-चांदीवर तो शेकडा एकाच्या आसपास होता, शेवटी १.२ टक्के. मग १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर. सोन्या-चांदीला कुठल्या टप्प्यात बसवायचं यावर बराच खल झाला आणि जून २०१७ मध्ये परिषदेने त्यांच्यासाठी ३ टक्क्यांचा वेगळाच टप्पा काढला. २२ सप्टेंबर २०२५ ला बाकीचे टप्पे बदलले, तेव्हाही सोनं-चांदी तिथेच राहिली.

दुकान आपल्याच राज्यातलं असेल तर बिलावर दीड टक्का केंद्राचा, दीड टक्का राज्याचा. ऑनलाइन विक्रेता दुसऱ्या राज्यातला असेल तर एकच ओळ, आयजीएसटी तीन टक्के. तो केंद्र गोळा करतं आणि त्यातला राज्याचा वाटा माल जिथे पोचला त्या राज्याला जातो. म्हणजे १९५३ मध्ये न्यायालय जे म्हणालं होतं आणि दोन वर्षांत ज्याला माघार घ्यावी लागली होती, तेच चौसष्ट वर्षांनी वेगळ्या वाटेने आलं. खरेदीच्या संकेतस्थळावर विकणाऱ्यांच्या पैशातून थोडी रक्कम त्या संकेतस्थळानेच कापून सरकारात भरायची, हा नियम १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला. आधी ती १ टक्का होती, जुलै २०२४ पासून अर्धा. तिथे कच्चं बिल निघतच नाही. मोह होतो तो ओळखीच्या दुकानात.

आणि बिलात न दिसणारा एक कर भावातच मुरलेला असतो, तो आयातीवरचा. जुलै २०२४ मध्ये सोन्या-चांदीवरचा हा कर १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणला गेला. तीन टक्के दिसतात म्हणून डोळ्यात येतात.

आता सासूबाईंचा प्रश्न. वस्तू आणि सेवा कराच्या कायद्यात पैशाची व्याख्या आहे. पैसा हा माल नाही, त्यामुळे त्यावर कर नाही. पण त्याच व्याख्येत एक अपवाद आहे: चलन जर संग्रहाच्या मोलासाठी ठेवलं असेल तर तो पैसा नव्हे.

हे सासूबाईंना समजावायला मी आपल्या महावीर स्वामींचंच उदाहरण घेतलं. २००१ मध्ये २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त सरकारने पाच रुपयांचं नाणं काढलं होतं. ते भाजीवाल्याकडून सुट्या पैशांत आलं आणि रिक्षावाल्याकडे गेलं, तर तो पैसा. कर नाही. २१ एप्रिल २०२४ ला महावीर जयंतीच्या दिवशी २५५० व्या निर्वाण महोत्सवाचं शंभर रुपयांचं नाणं दिल्लीत प्रकाशित झालं. अशी नाणी सरकारी टांकसाळ संग्राहकांना विकते, त्यावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीला. तो माल. कर लागतो. आणि आपल्या उद्यापनाच्या नाण्यावर तर सरकारचा शिक्काही नाही. ती स्वस्तिक उमटवलेली चांदीची गोल चकती आहे. आपण प्रेमाने तिला नाणं म्हणतो.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नाणं तेच, घेणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर ठरतं." मला वाटतं कायद्याच्या पुस्तकातही हे इतकं नीट सांगितलेलं नसेल.

पाऊण नाणं

मग त्यांनीच हिशोब केला. चोवीस नाण्यांचे तीन टक्के म्हणजे एका नाण्याचे बहात्तर भाग, पाऊण नाण्याहूनही थोडं कमी. "दहा वर्षं उपास केले," त्या म्हणाल्या, "आणि उद्यापनाला पाऊण नाण्यासाठी अतिचार लावून घेऊ? उत्तम शौच, उत्तम सत्य नुसतं तोंडाने म्हणायचं का?"

मी दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेले. ऑनलाइन घेता आलं असतं, पण माणूस ओळखीचा आहे आणि तो वाईट नाही. सगळेच तसं करतात म्हणून तोही विचारतो. मी सांगितलं, "भाऊ, सासूबाईंचं व्रत आहे, बिल पक्कं हवं." ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "बरोबर आहे वहिनी, माझंच चुकलं." बिल झालं, त्यावर वजन, शुद्धता, दर, कर सगळं लिहून आलं. त्या कागदाचा संसारी उपयोगही आहे. चांदी कमी कसाची निघाली तर दाद मागता येते, पुढे विकताना खरेदीचा पुरावा राहतो. भरलेले तीन टक्के विकताना परत मिळत नाहीत, हे मात्र मनात धरून ठेवा. आणि घरातलं जुनं सोनं-चांदी आपण सराफाला विकतो तेव्हा त्यावर हा कर लागत नाही, कारण तो आपला धंदा नव्हे.

एक गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. या सगळ्या वाचनात मी कपाट उघडून जुनी बिलं शोधली. काही दागिन्यांची बिलं सापडली. काहींची सापडली नाहीत, आणि ती का नाहीत हे मला आठवतं. त्या वेळी मीच "चालेल" म्हटलं होतं. त्याचं आता काही करता येत नाही, आलोचना करून पुढे नीट वागणं एवढंच हातात आहे. परिग्रहाचं परिमाण घेताना आपण किती ठेवायचं ते मोजतो. ते कसं आलं, हेही त्याच वहीत लिहायला हवं होतं. यंदापासून लिहिते आहे.

उद्यापन परवाच्या रविवारी झालं. चोवीस घरांत चोवीस नाणी गेली. बिल सासूबाईंनी स्वतः घडी करून व्रताच्या पोथीत ठेवलं आहे.

जय जिनेंद्र.